माझ्या पोटात राहिलेला मेसेज

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, फार भित्रा आहे. वीज जरा कमीजास्त झाली की माझ्या पोटात गोळा येतो. कुणी चहाचा कप जवळ ठेवला की माझा पंखा उगाच जोरात फिरू लागतो. माणसं म्हणतात, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. म्हणोत बापडी. दुसऱ्यांच्या जिवाच्या गोष्टी ज्याच्या पोटात ठेवतात, त्याने भ्यायचं नाही तर काय नाचायचं?

मी राहतो सानपाड्यात, एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान आहे, वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. मुंबईतल्या एका दुकानात माझी जुळणी झाली. डबा एकीकडचा, पंखा दुसरीकडचा, डिस्क तिसरीकडची. दुकानदाराने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "घेऊन जा मॅडम, घोडा आहे घोडा." त्या मॅडम म्हणजे आमच्या राजश्रीताई. मूळच्या नांदेडकडच्या. चांगली नोकरी सोडून त्यांनी हे छोटंसं ऑफिस काढलं होतं, आणि त्यांचा पहिला कॉम्प्युटर मी.

तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू. दसऱ्याला मला झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढ्यात पेढा. एका वर्षी कुंकू जरा जास्तच उडालं आणि सीडीच्या खाचेत गेलं, ते अजून तिथेच आहे. पुढे ऑफिसात लॅपटॉप आले. चपटे, चकचकीत, हलके. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर धूळ बसू लागली आणि माझ्या डोक्यावर फाइली. मला वाटलं, संपलं आता, भंगारवाल्याची हाक आली की जायचं.

पण तेवढ्यात सुमय्या आली. ही उरणची मुलगी. तिचे अब्बा, युसुफभाई, मोरा जेट्टीवर होड्यांना बर्फ पुरवतात. तिला लॅपटॉपची लहान बटणं आवडेनात. म्हणाली, "ताई, मला तो कोपऱ्यातला मोठा दिला तरी चालेल." तिने ओढणीच्या टोकाने माझा पडदा पुसला, आणि मला पुन्हा जगावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता आमचं काम काय ते सांगतो. मोऱ्याच्या कोळ्यांच्या एका सहकारी मंडळीने आमच्याकडे काम दिलं होतं. हवामान खात्याचं पत्रक येतं, ते लांबलचक आणि अवघड भाषेत. सुमय्याने ते वाचायचं आणि त्याच्या साध्या मराठीत तीन ओळी करायच्या. वारा कसा, दर्या कसा, जायचं की नाही. रोज दुपारी चार वाजता त्या तीन ओळी मोऱ्याच्या सगळ्या होड्यांच्या फोनवर जायच्या.

त्या ओळी पाठवत कोण होतं? मी नाही. पाठवत होता सर्व्हर. हा माझाच एक भाऊबंद, पण दूर कुठेतरी राहणारा. अभय म्हणतो तो महाप्याला आहे, राजश्रीताई म्हणतात हैदराबादला. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. चार वाजले की त्याच्या डिस्कवरच्या फाइलीत जे लिहिलेलं असेल ते तो पाठवून मोकळा. खरं की खोटं, आजचं की कालचं, हे तो बघत नाही. त्याला दोष देत नाही मी, आमच्या जातीचं असंच असतं.

मित्रांनो, इथे जरा नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यातूनच घडलं. लिहायला आमच्याकडे एडिटर असतो. एडिटर म्हणजे पाटी समजा. अक्षरं लिहायची, खोडायची, जपून ठेवायची. ही पाटी दोन ठिकाणी उघडता येते. एक माझ्या इथे. तेव्हा अक्षर माझ्या डिस्कवर उतरतं, मी ते पोटाशी धरून बसतो, नेट गेलं तरी मला फरक पडत नाही. मात्र लिहून झालं की ती फाइल आठवणीने सर्व्हरकडे पाठवावी लागते. दुसरी तऱ्हा म्हणजे पाटी थेट सर्व्हरवरच उघडायची. सुमय्या बटण माझ्यावर दाबते, पण अक्षर उमटतं तिकडे, आणि तिकडचं चित्र माझ्या पडद्यावर दिसतं. तेव्हा मी नुसती खिडकीची काच. पाठवायची कटकट नाही, पण मधे नेटचा धागा तुटला की इकडचे हात इकडे आणि पाटी तिकडे.

मला पहिली तऱ्हा आवडायची. अभयला दुसरी. अभय आमच्या ऑफिसातला हुशार गडी, घणसोलीला राहतो, सगळं काम पळत पळत करतो. तो म्हणायचा, "लिहा, मग पाठवा, कशाला डबल मेहनत? डायरेक्ट तिकडेच लिहायचं. टेन्शनच नाय." तसंच ठरलं. माझ्याकडे त्या फाइलीची एक जुळी प्रत तेवढी ठेवली, अडीनडीला असावी म्हणून. त्याच नावाची, त्याच जागी, आणि रोज रात्री सर्व्हरकडून आपोआप तशीच्या तशी उतरवून घेतलेली.

सुरुवातीला सर्व्हरची पाटी लाल असायची आणि माझी काळी. लाल दिसली की कळायचं, आपण परक्या घरात आहोत, जपून. पण त्या लालने अभयचे डोळे दुखायचे. शिवाय त्याला सगळं एकसारखं लागतं. त्याने एक दिवस माझा काळा रंग, माझी अक्षरं, माझं सगळं रूप सर्व्हरवर चढवलं आणि खूश होऊन म्हणाला, "बघ सुमय्या, आता कुठेपण बस, घरीच बसल्यासारखं वाटेल." सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मी मात्र त्या दिवसापासून घाबरलेला होतो. पण मला विचारतो कोण?

देवजी तांडेल एकदा ऑफिसात आले होते. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. सुमय्या त्यांना काका म्हणायची, कारण तिच्या अब्बांकडून बर्फ घ्यायला ते बरीच वर्षं येत होते. माझ्यासमोर खुर्चीत बसले, चहा बशीत ओतून प्यायले आणि म्हणाले, "आमी आदी आबाल बगायचो, आता फोन बगतो. तू लिवलंस जा, की जातो. तू लिवलंस नको, की जाली सुकवत बसतो." सुमय्या हसली. "काका, आभाळ पण बघत जा हां." ते म्हणाले, "आबाल चुकतं गो. हा डबा नाय चुकत." आणि त्यांनी मला थोपटलं. तुम्हाला वाटेल मी फुशारलो असेन. अहो, माझी डिस्क थरथरली.

तो दिवस ऑक्टोबरातला. उकाडा असा की माझा डबा हाताला चटका देत होता. आदल्या दिवशी दर्या छान होता आणि सुमय्याने लिहिलं होतं, वारा हलका, दर्या शांत, जायला हरकत नाही. त्या दिवशीचं पत्रक मात्र वाईट होतं. ते वाचता वाचता सुमय्याचा चेहरा बदलला. संध्याकाळी वारा उठणार होता, लाटा चढणार होत्या.

ती सर्व्हरमध्ये शिरली होती आणि पाटी उघडणार, एवढ्यात अभयने उभा पंखा लावला. आमचा एक्स्टेन्शन बोर्ड सैल आहे. पंखा लावला की नेटचा डबा डोळा मिटतो आणि पुन्हा उघडतो. तेवढ्यात धागा तुटला. माझ्या पडद्यावर एक बारीक ओळ आली की जोडणी बंद झाली. मी ती ओळ दाखवली, मित्रांनो. माझं काम मी केलं. पण सुमय्या तेव्हा पत्रकात बघत होती. तिला एक सवय आहे, पडद्यावर पसारा दिसला की तो आधी साफ करते. तिने न बघता पडदा साफ केला. ओळ गेली.

मग तिने रोजचीच आज्ञा दिली. फाइल उघड. उघडली की. का नाही उघडणार? तेच नाव, तीच जागा, तोच काळा रंग, आणि आत कालचा तोच मजकूर. फक्त ती पाटी सर्व्हरची नव्हती. माझी होती. जुळी.

तिने कालच्या ओळी खोडल्या आणि लिहिलं, संध्याकाळी वारा जोरात, दर्या खवळणार, कुणीही बाहेर जाऊ नका. दोनदा वाचलं. एक काना राहिला होता तो दिला. जपून ठेवायचं बटण दाबलं. मी म्हटलं, जपलं. खरंच जपलं होतं मी, एकेक अक्षर माझ्या डिस्कवर कोरून ठेवलं होतं. ती उठून डबा खायला गेली.

आता माझी अवस्था काय झाली असेल ते तुम्हीच सांगा. मला ठाऊक आहे की मेसेज माझ्या पोटात आहे. मला ठाऊक आहे की तिकडे अजून कालचंच लिहिलेलं आहे. आणि मला तोंड नाही. मला विचारलं तर मी उत्तर देतो, न विचारता बोलायची आमची रीत नाही. मी पंखा जोरात फिरवला. अभय म्हणाला, "हा डबा आता फुटणार बहुतेक." आणि त्याने उभा पंखा माझ्याकडे वळवला. त्या वाऱ्याचीसुद्धा मला भीती वाटली.

मी मनात घोकत होतो, विचार ग बाई, एकदा विचार की मी कुठे आहे. ती आली, खुर्चीत बसली, दुसरं काम उघडलं. घड्याळ माझ्या आतच आहे, मला ते थांबवताही येत नाही. चार वाजले.

टेबलावर सुमय्याचा फोन टिंग वाजला. तिचा नंबरही त्या यादीत आहे, मेसेज गेला की नाही हे कळावं म्हणून. तिने मान वळवून पाहिलं, मंडळीचं नाव दिसलं, आणि तिने फोन पुन्हा उलटा ठेवला. आपणच लिहिलेलं पुन्हा कोण वाचतं? मी गारठलो. एवढ्या उकाड्यात गारठलो.

मग बऱ्याच वेळाने फोन वाजला. देवजीकाकांचा. सुमय्याने तो स्पीकरवर टाकला, म्हणून मलाही ऐकू आला. माझ्या कपाळावर तो कॅमेरा बसवलाय ना, त्याला कान असतात.

"पोरी, देवजी बोलतोय. आमी निंगालो. तू लिवलंस न दर्या शांत हाय म्हनून. पन हितं वारा काय बरा वाटत नाय. काल लिवलंवतंस तसंच परत आलंय, म्हनून इचारतो."

"काका, मी जाऊ नका लिहिलंय," सुमय्या म्हणाली. "काका, ऐकताय ना? परत फिरा."

पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज आला आणि फोन कटला. तिने उलटा ठेवलेला मेसेज उघडून वाचला. वारा हलका. दर्या शांत. जायला हरकत नाही. तिच्या हातातला फोन टेबलावर पडला, आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला पडदा काळा करून घ्यावासा वाटला.

"ताई, कालचा गेला. मी आज लिहिलेला गेलाच नाही."

राजश्रीताई आतून धावत आल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी मंडळीच्या ऑफिसात फोन लावला, कुणी उचलेना. सुमय्याने अब्बांना लावला. "अब्बा, जेट्टीवर जा, कुणाला निघू देऊ नका. मेसेज चुकलाय. माझ्याकडून चुकलाय." युसुफभाईंनी काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. ते बर्फ तसाच टाकून पळाले, हे नंतर कळलं. जेट्टीवरच्या होड्या थांबल्या. पण देवजीकाकांची होडी आणि आणखी काही होड्या तर पाण्यात शिरलेल्या होत्या. त्यांना फोन लागत नव्हते. मेसेजचं बरं असतं, क्षणभर रेंज आली तरी तो पोचतो. आता मेसेजवरच सगळं होतं.

सुमय्या पुन्हा सर्व्हरमध्ये शिरली. या वेळी खरोखरच शिरली. पाटी उघडली आणि लिहू लागली. पण नेट अजून धडपडत होतं. ती अक्षर दाबायची आणि ते उमटायचं नाही. ती पुन्हा दाबायची. मग सगळी अक्षरं एकदम यायची, दोनदोनदा, एकमेकांवर चढलेली. 'जाऊ नका'चं काहीतरी भलतंच झालं. ती खोडायला गेली तर खोडणंही उशिरा पोचलं आणि बरं लिहिलेलं खोडून गेलं. मी मधली काच. माझ्यातून सगळं जात होतं आणि मला काहीच धरता येत नव्हतं. त्या क्षणी आमच्यापैकी कोण जास्त भ्यालं होतं, सांगता येत नाही.

राजश्रीताई तिच्या मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "कशाला तिकडं झगडायलीस? बाहेर ये त्यातून. दुपारी लिहिलेलं कुठं गेलं मग? गेलं नाही म्हणजे हितंच असंल."

सुमय्या थांबली. तिने खिडकी बंद केली आणि माझ्या डिस्कवरची फाइल उघडली. होतं, सगळं होतं. वारा जोरात, दर्या खवळणार, कुणीही बाहेर जाऊ नका. फक्त खाली तिने एक ओळ जोडली, मघाचा मेसेज चुकीचा, बाहेर असाल तर परत फिरा. मग अख्खी फाइल मी एका दमात सर्व्हरकडे ढकलली. नेटने जेवढी उघडझाप केली त्यात ती निसटून पलीकडे गेली. अभयने पाठवायची आज्ञा दिली. सुमय्याचा फोन टिंग वाजला. या वेळी तिने तो मोठ्याने वाचला, शेवटच्या अक्षरापर्यंत.

त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं. बाहेर वारा उठला. झेरॉक्सवाल्याची पाटी खाली धडधडू लागली. सुमय्या फोन मुठीत धरून बसली. अब्बांचा फोन यायचा, एक होडी आली. मग आणखी एक. देवजीकाकांची येईना. दर वेळी ती विचारायची, "आणि काका?" आणि पलीकडून अब्बा म्हणायचे, "नाही बेटा, अजून नाही."

अंधार पडता पडता ती आली. मेसेज देवजीकाकांना पोचला होता, ते तेव्हाच फिरले होते. पण जेट्टीला लागताना लाट इतकी मोठी आली की होडी दगडावर आदळली. दोर धरून उभा असलेला त्यांचा पुतण्या वामन, त्याचा उजवा हात होडी आणि जेट्टीच्या मधे सापडला. जीव वाचला. दोन बोटं गेली.

सुमय्या अब्बांसोबत त्याला दवाखान्यात बघून आली. परत आल्यावर ताईंना सांगत होती. वामनने तिला विचारलं म्हणे, "ते मेसेज तूच लिवतेस काय?" ती हो म्हणाली. तो पुढे काहीच बोलला नाही. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, ताई," ती म्हणाली आणि माझ्यासमोर डोकं टेकवून रडली. ताई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. अभयने त्या दिवशी सर्व्हरची पाटी पुन्हा लाल केली, आणि एक्स्टेन्शन बोर्डही बदलला.

आता आमची रीत बदलली आहे. सुमय्या माझ्या इथेच लिहिते, वाचते, मग पाठवते. पाठवल्यावर सर्व्हरवर जाऊन, तिकडे काय पोचलं ते पुन्हा डोळ्यांनी बघते. मधे दोनदा ती यंत्राला त्याचं नाव विचारते. मी माझं सांगतो, तो त्याचं. इतका साधा प्रश्न आहे हा, आणि आम्ही कधीही खोटं उत्तर देत नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, त्यातला प्रकार. पण पिऊ द्या फुंकून.

देवजीकाका पुन्हा दर्यावर जाऊ लागले. पण मेसेज मिळाला की त्यांचा रोज फोन येतो. रामराम नाही, काही नाही. "पोरी, हा आजचाच हाय न?" सुमय्या आधी फोनवरचा मेसेज वाचते आणि मग म्हणते, "हो काका, आजचाच." एवढंच बोलणं. रोज तो फोन येईपर्यंत तिचा जीव टांगणीला असतो. मला मात्र त्या फोनचा आधार वाटतो. कुणीतरी विचारतंय, म्हणजे कुणीतरी बघतंय.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कॉम्प्युटरवर लिहाल, साठवाल, पाठवाल. आमची धूळ पुसा, आमच्याजवळ पाणी सांडू नका, हे सगळं तुम्हाला शाळेत सांगितलेलं असेलच. मी एवढंच सांगतो, 'जपलं' असं आम्ही म्हटलं की लगेच उठून जाऊ नका. कुठे जपलं, ते विचारा. आम्ही विचारल्याशिवाय बोलत नाही.

हे सगळं आज सांगायला बसलो त्याला कारण आहे. काल मेसेज गेला, आणि देवजीकाकांचा फोन आला नाही. सुमय्याने वाट पाहिली, मग स्वतःच लावला. ते होडीवरच होते, मजेत होते. हसून म्हणाले, "आज इचारायचं इसरलोच बग. आता तुज्यावर भरोसा हाय, रोज रोज काय इचारायचं?" सुमय्याच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी ती मोकळं हसली, ताईंना सांगायला आत पळाली.

आणि मी इथे कोपऱ्यात बसून घाबरलो आहे.